वेगवेगळ्या फ्रेमरेटचं फुटेज एकत्र एडिट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या आमच्या एडिट रूममध्ये येणाऱ्या हार्ड डिस्कवर हल्ली एकाच कॅमेऱ्याचं फुटेज क्वचितच असतं. मुख्य कॅमेरा २५वर (म्हणजे सेकंदाला २५ चित्रं; या आकड्यालाच फ्रेमरेट किंवा एफपीएस म्हणतात), ड्रोनवाल्याचा ड्रोन ३०वर, नवरीच्या भावाचा फोन जमेल तसा, आणि कुणीतरी हौसेने १२०वर काढलेला स्लो-मो. मग फोन सुरू होतात. गणपतीनंतरच्या आठवड्यात आणि लग्नाच्या मोसमात तर रोज. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत, ज्यांनी विचारले त्यांच्याच शब्दांत. फक्त ‘सर, अर्जंट आहे’ एवढं गाळलं आहे.

१. एका टाइमलाइनवर वेगवेगळ्या एफपीएसच्या क्लिप टाकल्या तर नक्की बिघडतं काय? मला तर सगळं नीट चालताना दिसतं.

चालतंच. कुठलंही सॉफ्टवेअर क्लिप नाकारत नाही, म्हणूनच गडबड उशिरा कळते. टाइमलाइन (सॉफ्टवेअरमधली ती पट्टी, जिच्यावर क्लिप ओळीने लावतो) २५ची असेल तर ती सेकंदाला २५ चित्रं दाखवणार, एक कमी नाही, एक जास्त नाही. त्यात ३०ची क्लिप आली की पाच चित्रं जास्त होतात, मग सॉफ्टवेअर दर सहातलं एक चित्र गाळतं. २४ची आली की एक चित्र कमी पडतं, मग सेकंदाला एक चित्र दोनदा दाखवतं. क्लिपची लांबी तीच राहते, आवाजही जागेवर राहतो. तुटते ती फक्त हालचालीची सलगता.

ती दिसते कुठे? कॅमेरा आडवा फिरवलेल्या शॉटमध्ये (म्हणजे पॅनमध्ये), फलाटावरून सुसाट जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये, सरकणाऱ्या टायटल्समध्ये. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाच्या क्लिपमधून सेकंदाला पाच चित्रं गेली तरी त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. तेव्हा आकडे बघून घाबरण्याआधी शॉटमध्ये काय हलतंय ते बघा.

२. मग टाइमलाइन किती एफपीएसची ठेवू? जास्त क्लिप ज्या रेटच्या, त्याच रेटची ठेवायची, हे बरोबर ना?

अर्धं बरोबर. पहिला प्रश्न क्लिपचा नाहीच. तयार झालेलं काम शेवटी कुठे बघणार, हा आहे. टीव्ही वाहिनीला द्यायचं असेल तर २५, तिथे चर्चा नाही. थिएटर किंवा फेस्टिव्हल असेल तर २४. नुसती रील असेल तर ३० (कारण प्रश्न १७मध्ये). यूट्यूब किंवा हॉलमधली एलईडी स्क्रीन असेल तर बंधन नाही, कारण यूट्यूब २४, २५, ३०, ५०, ६० सगळं घेतं. अशा वेळी मुख्य कॅमेऱ्याचा रेट धरा.

‘मुख्य’ म्हणजे कोणता, इथे लोक चुकतात. क्लिप मोजू नका. ज्यात माणसं बोलतायत, गातायत, ज्याचा आवाज ओठांशी जुळायला हवा, ते फुटेज मोजा. एका आजोबांची दीड तासाची मुलाखत २५वर असेल आणि त्यांच्या चाळीचे, नळाचे, जिन्याचे चाळीस शॉट ६०वर असतील, तर टाइमलाइन २५ची. जिना हळू झाला तर चालेल, आजोबा अडखळले तर नाही.

आणि पाढे आठवा. ५०ची क्लिप २५मध्ये बरोबर निम्मी बसते, ६०ची ३०मध्ये. १२० हा आकडा २४ आणि ३० दोन्हींनी भागला जातो, २५ने जात नाही. नि:शेष भाग गेला की गाळणं एकसारखं होतं आणि डोळ्याला टोचत नाही. ६०ची क्लिप २५वर टाकली तर सॉफ्टवेअर कधी दोन चित्रं पुढे जातं, कधी तीन. ती लंगडी चाल पॅनमध्ये लगेच दिसते.

३. हे २५ आपल्याकडे आलं कुठून? कॅमेऱ्यात ‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ असं विचारतात ते काय?

विजेवरून. आपल्याकडे घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून टीव्ही तिच्या निम्म्या वेगाचा, २५चा. अमेरिकेत वीज ६०ची, म्हणून तिथे ३०. तिथे १९५३मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा त्या ३०ला किंचित कात्री लागून २९.९७ झालं, आणि तो अपूर्णांक आजही आपल्या मेमरी कार्डात येऊन बसतो. २४ मात्र विजेचं नाही, सिनेमाचं. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले तेव्हा ते पक्कं झालं.

कॅमेऱ्यात पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडलं की २५, ५०, १०० मिळतात. एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) निवडलं की २३.९७६, २९.९७, ५९.९४ वगैरे. अमेरिकेतल्या मावशीने आणलेला कॅमेरा बहुधा एनटीएससीवर असतो. खोक्यातून काढल्यावर सगळ्यात आधी हे बदला.

४. क्लिप कितीची आहे हे कसं ओळखायचं? कॅमेरामनने तर ‘सगळं २५च आहे’ सांगितलंय.

कॅमेरामनवर विश्वास ठेवा, पण फाइल उघडून बघा. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन ओळी वाचायच्या: फ्रेमरेट किती, आणि तो स्थिर आहे की बदलता. दुसरी ओळ फोनच्या फुटेजसाठी जास्त महत्त्वाची (प्रश्न ८).

एक फसवी गोष्ट. काही कॅमेऱ्यांचा खास स्लो मोड १०० चित्रं घेतो, पण फाइल २५चीच लिहितो. म्हणजे क्लिप आधीच चौपट हळू झालेली असते आणि तिला आवाज नसतो. तिला पुन्हा ‘हळू’ करू नका.

५. मुख्य कॅमेरा २५, ड्रोन ३०. ड्रोनचे शॉट झटके मारतात. काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कर्जतच्या फार्महाऊसवरचं लग्न असेल तर हमखास.

सोपा आणि सगळ्यात सुंदर उपाय म्हणजे ड्रोनची क्लिप २५चीच आहे असं सॉफ्टवेअरला सांगून टाकायचं. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये बिनमधल्या (क्लिप ठेवतो त्या फोल्डरमधल्या) क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, इंटरप्रिट फुटेज, आणि तिथे २५. रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये फ्रेमरेट बदलतो. आता एकही चित्र गाळलं जात नाही. प्रत्येक चित्र दिसतं, फक्त क्लिप मूळ वेगाच्या ८३ टक्क्यांनी चालते. दहा सेकंदांचा शॉट बारा सेकंदांचा होतो. झाडं, डोंगर, मांडवावरून सरकत जाणारा कॅमेरा हे सगळं किंचित हळू झालं की उलट महागडं दिसतं. ड्रोनला आवाज नसतोच, त्यामुळे तोही प्रश्न नाही.

हे चालत नाही ते दोन ठिकाणी. खाली वरात नाचत असेल आणि वर बँजोचं गाणं असेल तर पावलं ठेक्याच्या मागे पडतात. आणि जिथे दोन कॅमेऱ्यांचा क्षण जुळवायचा असतो, अक्षता पडतात तो क्षण, तिथेही नाही (प्रश्न १२). अशा शॉटला मूळ वेगातच ठेवून प्रश्न ७ मधला पर्याय निवडा.

हे काम एडिटला बसण्याआधी करा. कट लावल्यावर इंटरप्रिट बदललात तर आत-बाहेरचे बिंदू (शॉट जिथे सुरू होतो आणि संपतो ते) सरकतात आणि जो पक्षी फ्रेममध्ये यायला हवा होता तो निघून गेलेला असतो.

आणि पुढच्या वेळी ड्रोनवाल्याला आदल्या रात्री मेसेज करा: ‘२५वर ठेव.’ बहुतेक ड्रोनमध्ये २५ असतंच. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

६. ६०वर शूट केलंय, स्लो-मोसाठी किती टक्के टाकायचे? मी ५० टाकतो.

टाइमलाइनचा रेट भागिले क्लिपचा रेट गुणिले १००. २५च्या टाइमलाइनवर ५०ची क्लिप ५० टक्के, १००ची २५ टक्के, ६०ची ४१.६७, १२०ची २०.८३. टाइमलाइन २४ची असेल तर ६०ला ४० आणि १२०ला २०, छान पूर्णांक.

६०ला २५च्या टाइमलाइनवर ५० टक्के टाकलेत की सॉफ्टवेअरला सेकंदाला ३० चित्रं मिळतात आणि त्यातली पाच गाळावी लागतात. म्हणजे स्लो-मो करून पुन्हा प्रश्न १ मध्येच आलात.

याहून हळू हवं असेल तर जास्त रेटवर शूट करायला हवं होतं. २५ची क्लिप २० टक्क्यांवर टाकली तर दर पाच चित्रांतली चार सॉफ्टवेअर मनाने काढणार. आरतीच्या ताटाला ५० एफपीएस पुष्कळ. गुलाल उधळतानाचे कण हवेत थांबवायचे असतील तर १०० किंवा १२० घ्या, पण रात्रीचा मांडव असेल तर आधी प्रश्न १० वाचा.

७. फ्रेम सॅम्पलिंग, फ्रेम ब्लेंडिंग, ऑप्टिकल फ्लो: यातलं चांगलं कोणतं?

तिघांची कामं वेगळी आहेत. सॅम्पलिंग म्हणजे आहे त्यातलं जवळचं चित्र उचलायचं, कमी पडलं तर तेच पुन्हा. प्रामाणिक पद्धत. झटका येतो, पण चित्र स्वच्छ राहतं. ब्लेंडिंग म्हणजे शेजारची दोन चित्रं एकमेकांवर विरघळवायची. झटका मऊ होतो आणि कडा दुहेरी होतात, चश्मा काढल्यावर दिसतं तसं. ऑप्टिकल फ्लो प्रत्येक ठिपका कुठून कुठे गेला याचा अंदाज बांधून मधलं चित्र नव्याने रचतो.

अंदाज म्हटलं की तो चुकणारच, आणि कुठे चुकतो ते मुंबईत शूट करणाऱ्याने पाठ करून ठेवावं. ढोल-ताशाच्या पथकाचा शॉट घ्या. टिपरू एका चित्रात वर, पुढच्यात पानावर. मधे ते कुठे होतं हे फ्लोला कळत नाही, मग टिपरू रबरासारखं वितळतं, वादकाची बोटं ढोलाच्या पानात मिसळतात. भगवा झेंडा फडकताना त्याच्या मागची इमारत झेंड्याबरोबर लाटांसारखी हलू लागते. लोकलच्या खिडकीच्या गजांमागून पळणारे खांब, पावसाच्या धारा, चर्चगेटच्या गर्दीत एकमेकांना ओलांडणारी माणसं: इथे कुठेच फ्लो लावू नका. एक गोष्ट दुसरीच्या पुढून गेली की तो गोंधळतो.

लावायचा तिथे मात्र जादू करतो. साधी पार्श्वभूमी, एकच हलणारी गोष्ट, शटर (प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घ्यायची वेळ) जरा वेगवान असल्याने धूसर न झालेलं चित्र. समुद्रावरून सावकाश सरकणारा शॉट, पडद्याची झुळूक, चेहरा वळणं.

माझी सवय सांगतो. सगळ्या टाइमलाइनला सॅम्पलिंगवरच ठेवतो. मग एकदा सलग बघतो आणि जो शॉट डोळ्याला टोचला त्यालाच फ्लो लावून, रेंडर करून, एकेक चित्र पुढे सरकवत तपासतो. एका बटणात सगळ्या प्रोजेक्टला फ्लो लावणाऱ्यांचं मशीन रात्रभर रेंडर करत बसतं आणि सकाळी नवऱ्या मुलाला सहा बोटं आलेली असतात. ब्लेंडिंग मी जवळजवळ वापरत नाही. ढग किंवा धूर असेल तर, तेवढंच.

८. फोनवर काढलेल्या भाषणात सुरुवातीला ओठ जुळतात, वीस मिनिटांनी आवाज पुढे जातो. क्लिप तर ३०ची दाखवते!

दाखवते, पण असते का? बहुतेक फोन बदलत्या फ्रेमरेटने रेकॉर्ड करतात. उजेड कमी झाला, फोन तापला की सेकंदाला ३०ऐवजी २९, कधी २४ चित्रं. फाइलवर लिहिलेला आकडा हा सरासरीचा. एडिटिंग सॉफ्टवेअरने सगळी चित्रं समान अंतरावर मांडली की आवाज आणि चित्र हळूहळू वेगळ्या वाटा धरतात. स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ऑनलाइन मीटिंगच्या रेकॉर्डिंगचंही असंच.

ओळखायची खूण: सुरुवातीपासून ठरावीकच फरक असेल तर क्लिप नुसती सरकवा. फरक वाढत जात असेल तर ही भानगड.

उपाय एडिटच्या आधी. फाइल हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ फाइल बदलून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये) टाका, व्हिडिओच्या भागात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, रेट स्पष्ट लिहा (३० असेल तर ३०), दर्जा थोडा चढा ठेवा आणि नवी फाइल एडिटला घ्या. इथेच ३०चे २५ करून घ्यायचा मोह टाळा. ते काम टाइमलाइनवर शॉट बघून करायचं असतं. नवीन सॉफ्टवेअर बदलता रेट बऱ्यापैकी सांभाळतात, हे खरं, पण तासाभराच्या भाषणाला मी अजूनही त्यांच्यावर सोडत नाही.

९. फोन २५वर लावता येतो का?

आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे ‘शो पाल फॉर्मॅट्स’ सुरू केलं की २५चे पर्याय दिसतात. तिथेच ‘ऑटो एफपीएस’ आहे, ते बंद करा, नाहीतर कमी उजेडात फोन आपल्या मर्जीने रेट उतरवतो. अँड्रॉइडमध्ये फोनफोनावर अवलंबून आहे. नाहीच मिळालं तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप दोन्हीकडे चालतं आणि त्यात रेट, शटर दोन्ही हाताने ठरवता येतं.

१०. मांडवातल्या १२०च्या स्लो-मोमध्ये लाइट लपलप करतात. एडिटमध्ये घालवता येईल?

हा घाव मीही खाल्लाय. लालबागच्या एका गल्लीत पहाटे तीनला १२०वर शूट केलं, छोट्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं, रूमवर येऊन बघतो तर मूर्तीचा चेहरा श्वास घेतल्यासारखा उजळतोय-मंदावतोय.

५०च्या विजेवरच्या जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक चित्रात पूर्ण आवर्तनं येतात आणि उजेड सारखा राहतो. १/६० केलंत की एका चित्रात जास्त, दुसऱ्यात कमी. १२० एफपीएसवर शटर १/१२०पेक्षा लांब ठेवताच येत नाही, म्हणजे अशा दिव्यांखाली लपलप ठरलेलीच. स्लो-मो हवाच असेल तर ५० एफपीएस आणि शटर १/१००. ३०वर शूट करायची वेळ आली तरी शटर १/५०. २४लाही तेच.

एडिटमध्ये सौम्य लपलप डीफ्लिकर या इफेक्टने कमी होते. फ्रेममधून वर-खाली सरकणारे काळे पट्टे मात्र सहसा जात नाहीत. स्टेशनवरच्या इंडिकेटरची तुटलेली अक्षरं हा वेगळा आजार आहे, त्या फलकांचा स्वतःचा वेग असतो. तिथे शटर आणखी मंद करून बघा.

११. २४ला २५ केलं तर गाण्याचा सूर चढतो का?

चढतो. वेग सुमारे ४ टक्के वाढतो. पट्टीच्या भाषेत, काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनकडे पाऊण वाट सरकतं. ओळखीच्या गाण्यात कान असलेल्या माणसाला ते लगेच खटकतं. इंटरप्रिट केल्यावर प्रीमियर आवाजालाही त्याच प्रमाणात ओढतं किंवा ताणतं, म्हणून आवाज वेगळा काढून सूर कायम राखत वेग बदलणाऱ्या साधनाने जुळवा.

दीड तासाची २४ची फिल्म २५ने चालवली की ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपते. पाल टीव्हीच्या काळात सिनेमे सर्रास असेच दाखवले जात.

१२. मल्टिकॅम करतोय, तीन कॅमेरे तीन रेटचे. इंटरप्रिट करून सगळे २५ केले तर?

तर सिंक, म्हणजे कॅमेऱ्यांची एकमेकांशी जुळलेली वेळ, गेलं. इंटरप्रिट केलं की क्लिपची लांबी बदलते, आणि मल्टिकॅमचा सगळा डोलारा लांबी सारखी असण्यावर उभा आहे. इथे क्लिप मूळ वेगातच ठेवायच्या, आवाजावरून जुळवायच्या, आणि परक्या रेटच्या अँगलमध्ये थोडं गाळणं-दुहेरी होणं स्वीकारायचं. नाट्यप्रयोग, कीर्तन, गाण्याची बैठक असेल तर ३०वाल्या कॅमेऱ्याला लांबचा स्थिर शॉट द्या. पॅन करणारा अँगल टाइमलाइनच्याच रेटचा असू दे.

१३. २३.९७६ आणि २४ एकच ना?

पाच सेकंदांच्या शॉटला, हो. तासाभराच्या रेकॉर्डिंगला नाही: तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. २४च्या टाइमलाइनवर २३.९७६ची क्लिप साधारण दर ४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवते. २९.९७ आणि ३०, ५९.९४ आणि ६० यांचंही प्रमाण हेच. याच्याबरोबर ‘ड्रॉप फ्रेम टाइमकोड’बद्दलही विचारणा होते (टाइमकोड म्हणजे प्रत्येक चित्राचा वेळेनुसार क्रमांक). त्यात चित्रं गाळत नाहीत, फक्त क्रमांक गाळतात, आणि २५वर काम करणाऱ्याला त्याची गरजच नाही.

१४. अर्धं एडिट झालं आणि आता कळलं टाइमलाइन ३०ची आहे. बदलू?

आणखी अर्धं व्हायच्या आत बदला. प्रीमियरमध्ये सीक्वेन्स (तिथलं टाइमलाइनचं नाव) सेटिंग्जमधून रेट बदलता येतो, पण प्रत्येक कट जवळच्या चित्रावर जाऊन बसतो, कुठे एक चित्र उरतं, कुठे काळी फट पडते. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर क्लिप आल्या की तिचा रेट बदलत नाही. नवी टाइमलाइन हव्या त्या रेटची करून त्यात क्लिप कॉपी कराव्या लागतात. दोन्हीकडे नंतर कट न् कट तपासा. आधी प्रोजेक्टची प्रत काढून ठेवा.

‘एक्स्पोर्ट करताना २५ निवडतो की!’ असं म्हणू नका. ३०च्या टाइमलाइनवर २५च्या क्लिपमध्ये आधी चित्रं दुहेरी झालेली असतात, त्यातून पुन्हा गाळणार. ३०च्या सीक्वेन्समध्ये २५चा सीक्वेन्स नेस्ट करून (एकात दुसरा ठेवून) घातला तरीही अशीच दोनदा मोडतोड होते. प्रॉक्सी (एडिटसाठी काढलेल्या हलक्या प्रती) याही मूळ क्लिपच्याच रेटच्या करा.

१५. आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट २५ची आहे तरी हलताना कंगव्यासारख्या रेघा दिसतात.

ते २५ म्हणजे ५०ची निम्मी-निम्मी चित्रं. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. हात हलला की दोन निम्म्या चित्रांत तो वेगळ्या जागी असतो, म्हणून रेघा. डीइंटरलेस करा, म्हणजे निम्म्या चित्रांची पूर्ण चित्रं करा. मिनीडीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट असेल (चित्र ७२० बाय ५७६) तर खालच्या ओळी आधी येतात, सॉफ्टवेअरने उलटं धरलं तर हालचाल पुढे-मागे थरथरते. क्लिपच्या सेटिंगमध्ये हा क्रम बदलून बघा.

एक चांगली बातमी: निम्म्या चित्रांपासून ५० पूर्ण चित्रं बनवता येतात. मग त्या कॅसेटमधला आजीचा हसतानाचा क्षण खराखुरा निम्म्या वेगाने दाखवता येतो.

आणि वाईट: यूएसबीचं स्वस्त कॅप्चर यंत्र बऱ्याचदा एनटीएससीवर असतं. फाइल २९.९७ची आली असेल तर झटके त्यातच भाजले गेलेत. यंत्र पालवर लावून कॅसेट पुन्हा चालवा. एडिटमध्ये झगडत बसू नका.

१६. शॉर्टफिल्म २५वर झाली आणि फेस्टिव्हलला २४ची डीसीपी (थिएटरला द्यायचं डिजिटल पॅकेज) हवी.

पूर्ण फिल्म २४ने चालवा. चार टक्के हळू होईल, दहा मिनिटांची १० मिनिटं २५ सेकंद, पण एकही चित्र हरवणार नाही. आवाज तेवढाच ताणायचा, सूर न उतरवता, आणि शक्यतो तुमच्या साउंड मिक्सरकडूनच. सबटायटलच्या वेळाही त्याच प्रमाणात बदलतात, हे हमखास विसरलं जातं. २५ची डीसीपी मानकात बसते, पण प्रत्येक थिएटरचा सर्व्हर ती घेईल असं नाही. आयोजकांना आधी विचारा.

माझ्या हातून एकदा चित्र २४चं आणि आवाज २५चा असं पॅकेज गेलं होतं. अठरा मिनिटांची फिल्म, शेवटाला फरक ४५ सेकंद. नायिका तोंड मिटून बसलेली आणि दार आपटल्याचा आवाज. टेस्ट स्क्रीनिंगला कळलं म्हणून अब्रू वाचली.

जुने मूकपट वापरणाऱ्यांसाठी उलटा हिशेब. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा चित्रपट लागला त्या जमान्यात कॅमेरा हाताने फिरवत. वेग सेकंदाला सोळा-अठरा चित्रांच्या आसपास, तोही हाताच्या दमाप्रमाणे. २४ने चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात. क्लिप १६ किंवा १८ची धरा, चालणाऱ्या माणसाच्या पावलांवरून ठरवा, आणि टाइमलाइन २४ची ठेवा. फ्लो मुळीच नको.

१७. रीलसाठी २५ चालत नाही का?

चालतं. पण बऱ्याच फोनचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो, आणि या दोन्हींना ३०ने भाग जातो, २५ने जात नाही. त्यामुळे २५ची पॅन फोनवर थोडी उचक्या देते, कितीही नीट एडिट केली तरी. फक्त फोनवरच बघायची चीज असेल तर शूटच ३०वर करा, शटर १/५०. लग्नाच्या २५च्या फिल्ममधून रील कापायची असेल तर ती २५चीच एक्स्पोर्ट करा. ३० करून बळेच दुहेरी चित्रं घालण्यात काही मिळत नाही.

१८. स्पीड बदललेल्या क्लिपवर वार्प स्टॅबिलायझर लागत नाही. लाल पट्टी येते.

प्रीमियर ही दोन कामं एकाच क्लिपवर करू देत नाही. आधी स्टॅबिलायझर (हलणारा शॉट स्थिर करणारा इफेक्ट) लावा, मग क्लिप नेस्ट करा आणि वेग नेस्टवर बदला. नेस्टचा रेट मात्र क्लिपचा ठेवा, टाइमलाइनचा नव्हे, नाहीतर स्लो-मोसाठी घेतलेली जादा चित्रं नेस्टच्या आतच गळून जातात.

१९. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. क्लायंट म्हणतो, ‘घरच्या टीव्हीवर आपली फिल्म सीरियलसारखी गुळगुळीत दिसते, आणि हार घालताना हात वितळतात.’ परत एडिट करू का?

थांबा, पैसे मागे देऊ नका. हे बहुधा तुमच्या टाइमलाइनवर घडलेलं नाही. नवे टीव्ही स्वतःच मधली चित्रं रचून हालचाल मऊ करतात. प्रश्न ७ मधला ऑप्टिकल फ्लोच, फक्त तो तुम्हाला न विचारता दिवाणखान्यात बसून चालतो. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं गोड नाव दिलंय, पिक्चरच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ हा शब्द शोधायचा. ते बंद करायला लावा, किंवा बहुतेक टीव्हीत असलेला ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडायला सांगा. मग त्यांना तोच पेनड्राइव्ह, तोच हाराचा प्रसंग पुन्हा लावायला सांगा, आणि फोन चालूच ठेवा. तरीही हात वितळत असतील, तर टाइमलाइन उघडा आणि तो शॉट फ्लोवर राहिला आहे का ते बघा.